पहिली हाय-फाय सिस्टिम घेताय? आधी तिचं तोंड नीट बघा

आधीच सांगून टाकतो, मी इंजिनियर वगैरे नाहीये, गेली पंधरा-सोळा वर्षं जुन्या-नव्या अँप म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्या नादी लागलेला साधा माणूस आहे, आणि या नादात बरेच पैसे पाण्यात घातलेत म्हणून हे लिहितोय, निदान तुमचे तरी वाचतील. ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की पन्नास हजारात बरी सिस्टिम बसेल का, आणि मग जरा आवाज खाली आणून पुढचा प्रश्न, ती चंदेरी तोंडाची, मोठ्या नॉबवाली, जुन्या टाइपची मिळेल का हो, फार छान दिसते.

हे विचारताना लाजायचं काही कारण नाही. ही वस्तू हॉलमध्ये पुढची दहा-पंधरा वर्षं डोळ्यासमोर राहणार आहे. "आम्ही फक्त आवाज ऐकतो" म्हणणाऱ्यांच्या घरी एकदा जाऊन या, सगळ्यात देखणा अँप शोकेसच्या बरोबर मधोमध बसवलेला दिसेल. माझं म्हणणं एवढंच की रूप बघूनच घ्या, पण ते वाचायला शिका, कारण या वस्तू कुठे राहिल्या, कोणी उघडल्या, पावसाळ्यात कशा ठेवल्या हे सगळं त्यांच्या अंगावर लिहिलेलं असतं.

पायरी १: टेप काढा आणि खोली मोजा

दुकानात जायच्या आधी हे करा. आपल्याकडची खोली साधारण दहा बाय बारा, फार तर बारा बाय पंधरा. एवढ्या खोलीला किती वॉट लागतात याबद्दल लोकांच्या डोक्यात भलतंच काहीतरी असतं, आणि त्याचा दोष नव्वदीतल्या त्या पीएमपीओ (क्षणभरापुरत्या ताकदीचा फुगवलेला आकडा) प्रकरणाला द्यायला पाहिजे. आठवतंय का, हातात उचलून नेता येईल अशा टू-इन-वनवर दीड हजार, दोन हजार वॉट पीएमपीओ लिहिलेलं असायचं आणि आत ट्रान्सफॉर्मर लाडूएवढा. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. अमेरिकेतही असलीच फेकाफेक चालायची, म्हणून १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियमच केला की घरगुती अँपचे वॉट सतत देता येतील तेवढेच लिहायचे. तुम्ही पण तेच विचारायचं, आरएमएस म्हणजे सतत देता येणारे वॉट किती, आठ ओहमच्या स्पीकरला किती, डावा-उजवा दोन्ही चॅनल चालू असताना किती.

आता हिशोब बघा. स्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, समजा ८६ डेसिबल, म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. तुम्ही दोन मीटरवर बसलात की साधारण सहा कमी होतात, ८० उरतात, दोन स्पीकर असतात म्हणून तीन वाढवा, झाले ८३. दहा वॉट दिले की दहा वाढतात, म्हणजे ९३. शेजारचे काका बेल वाजवायला एवढं पुरतं. आणि वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त तीन डेसिबल, म्हणजे वीसच्या अँपऐवजी चाळीसचा घेतला तर आवाज दुप्पट होत नाही, जरासा वाढतो. म्हणून वॉटसाठी पैसे उधळू नका.

पैशाची वाटणी मी अशी सांगतो, निम्मे स्पीकरला, तीस टक्के अँपला, उरलेले बाकी सगळ्याला. काही लोक वायरवर दहा-दहा हजार घालतात, त्यांच्याशी वाद घालत बसू नका, चहा पिऊन या.

पायरी २: स्पीकर

नवीन घ्यायचे तर बुकशेल्फ घ्या, म्हणजे टेबलावर किंवा स्टँडवर बसणारे छोटे, दोन ड्रायव्हरचे (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा तो गोल भाग), पाच ते साडेसहा इंची वूफर, म्हणजे खालच्या आवाजाचा ड्रायव्हर. जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर फोटोत भारी दिसतात पण छोट्या खोलीत त्यांचा बेस नुसता घुमतो. माझ्या पसंतीची दोन नावं देतो. एक वार्फडेल डायमंड, ही मालिका १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे, तेव्हाची पहिली डायमंड अगदी चिमुकली होती आणि स्वस्तातला ब्रिटिश स्पीकर म्हटलं की तिचंच नाव निघायचं. दुसरी इलॅकची डेब्यू मालिका, ती २०१५ साली अँड्र्यू जोन्स या डिझायनरने केली, हा माणूस आधी पायोनियरसाठी स्वस्त स्पीकर करून गाजला होता. डेब्यू बी६.२ मी दोन वर्षं ऐकला, डग्ग्याची घुमक इतक्या पैशात इतकी खरी मला दुसरीकडे मिळाली नाही. दिसायला मात्र तो अगदीच काळा ठोकळा, वर काळ्या लाकडासारखा दिसणारा विनाइलचा म्हणजे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला, घरी आणल्यावर आमच्याकडे "हे काय, देवघराचा डबा आणलास का" असं स्वागत झालं.

इथे रूप वाचायचा पहिला धडा. लाकडासारखं दिसतं ते तीन प्रकारचं असतं, सबंध लाकूड जे फार क्वचित, खऱ्या लाकडाची पातळ साल म्हणजे व्हिनियर, आणि छापील विनाइल. स्पीकरची कड बघा. विनाइलमध्ये रेषांचं डिझाइन ठराविक अंतरावर तसंच्या तसं परत येतं, कोपऱ्यावर कागद दुमडल्यासारखा गोल होतो, आणि नखाने उचलून पाहिलं तर कधीकधी सुटतो पण. व्हिनियरमध्ये दोन स्पीकरच्या रेषा कधीच सारख्या नसतात, हाताला किंचित खरखर लागते. आवाजात याने काडीचा फरक पडत नाही, आतलं एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) बहुतेकांचं सारखंच, पण व्हिनियरला पॉलिश मारून दहा वर्षांनी परत नवं करता येतं आणि विनाइल फाटलं की फाटलं. कंपनीने विनाइल लावून वाचवलेले पैसे ड्रायव्हरमध्ये टाकले असतील तर मी खुशाल विनाइल घेतो.

आणि नुसत्या रूपावर भाळलं की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे यामाहा एनएस-१०. पांढऱ्याशुभ्र कोनचा (हलणाऱ्या पडद्याचा) वूफर, काळी पेटी, रेकॉर्डिंग स्टुडिओच्या प्रत्येक फोटोत मिक्सरच्या वर आडवा ठेवलेला. हा १९७८ साली आला तो घरासाठी म्हणून, आणि घरी कोणाला विशेष आवडला नाही. बेस कमी आणि वरचा आवाज टोचणारा. स्टुडिओवाल्यांनी तो नेमका त्याच्यासाठीच उचलला, रेकॉर्डिंगमधली चूक तो लपवत नाही. २००१ मध्ये बंद झाला आणि आता जुन्या जोड्या त्या पांढऱ्या कोनमुळे चढ्या भावाने जातात. घरात शांतपणे तानपुरा ऐकायचा असेल तर फोटो बघा, स्पीकर घेऊ नका.

पायरी ३: अँप

आता खरी गंमत. सत्तरच्या दशकातली जपानी आणि अमेरिकन यंत्रं चंदेरी होती, घासलेल्या अॅल्युमिनियमचं तोंड, भरीव धातूचे नॉब, बाजूला अक्रोडी रंगाची पेटी. मॅरँट्झचे रिसीव्हर तर ओळखायला एक नजर पुरते, दिवे लावले की निळसर डायल, आणि स्टेशन लावायला नॉब नाहीच, आडवं ठेवलेलं एक जड चाक, त्याला ते जायरो-टच म्हणायचे. बोटाने ढकललं की चाक आपल्या वजनाने फिरत राहतं आणि काटा डायलवरून सरकत जातो. एकदा फिरवून बघितलंत की खिशाला भोक पडलंच म्हणून समजा. त्यांच्या मॉडेल नंबरमध्येच वॉट असायचे, २२३० म्हणजे तीस, २२४५ म्हणजे पंचेचाळीस, २२७० म्हणजे सत्तर.

ऐंशीच्या दशकात हे सगळं काळं झालं, तोंड काळं, नॉबच्या जागी बटणं, आणि पुढे पुढे प्लॅस्टिक.

या दोन्हींच्या मध्ये, १९७८ साली, एक अगदी ओबडधोबड दिसणारा अँप आला, एनएडी ३०२०, एरिक एडवर्डसनने डिझाइन केलेला. राखाडी-काळपट तोंड, कसलीही चमक नाही, चार-पाच बारीक दिवे, कागदावर फक्त वीस वॉट. माझ्याकडे याचा एक आहे. व्हॉल्यूमचा नॉब हातात घेतला की स्वस्त वाटतो, मागची कनेक्शनं तर फारच साधी, पण पैसा ट्रान्सफॉर्मर आणि सर्किटमध्ये गेलाय, गाण्यात एकदम मोठा ठोका आला तर क्षणभर वीसपेक्षा कितीतरी जास्त ताकद देतो आणि अवघड स्पीकरपुढे पण हात टेकत नाही. स्वस्त आणि मस्त म्हणजे काय हे ज्याने जगाला शिकवलं तो हा. घेताना एक लक्षात ठेवा, मागे यू आकाराच्या दोन धातूच्या कड्या लावलेल्या असतात, प्रीअँप (येणारं गाणं सांभाळणारा भाग) आणि पॉवर अँप (स्पीकर चालवणारा भाग) जोडणाऱ्या. त्या नसतील तर आवाजच येणार नाही, आणि विकणारा "थोडासा फॉल्ट आहे" म्हणून स्वस्तात देईल. मला तसाच मिळाला. दोन तारेचे तुकडे वाकवून घातले, लगेच वाजला.

नवीनच पाहिजे आणि चंदेरीच पाहिजे तर यामाहाचा ए-एस३०१ बघा, साठ वॉट, रेकॉर्ड प्लेयरसाठी फोनो इनपुट आत, टीव्हीसाठी ऑप्टिकल पण आत, आणि तो लाउडनेसचा नॉब, आवाज कमी असताना हरवणारा बेस भरून काढणारा, जो हळू आवाजात ऐकणाऱ्या फ्लॅटवाल्यांसाठी वरदान आहे. अगदीच कमी पैसे असतील तर हल्लीचे चिनी क्लास-डी (कमी तापणाऱ्या, छोट्या प्रकारचे) अँप, फोसी वगैरे. टीपीए३२५५ नावाची चिप असते आत, डबा जेमतेम जेवणाच्या डब्याएवढा, पॉवर सप्लाय लॅपटॉपसारखा बाहेर. आवाज स्वच्छ, ताकद भरपूर. शोकेसमध्ये ठेवलात तर पाहुण्यांना तो वायफायचा राउटर वाटतो, ही एकच तक्रार.

पायरी ४: सेकंडहँड घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार, आणि सुटे पार्ट, वायरी, पिना यासाठी तपकीर गल्ली. बाजारात गेलात की पहिली पाच मिनिटं काही विचारू नका, नुसतं बघा.

बघायचं काय तर आधी स्क्रू. झाकणाच्या स्क्रूंची डोकी चावलेली असतील किंवा चारपैकी एक वेगळाच असेल तर यंत्र कोणीतरी घाईत उघडलेलं आहे. उघडणं वाईट नाही, चांगल्या कारागिराने उघडलं तर उलट बरं, पण चांगला कारागीर स्क्रू चावत नाही. मग वास घ्या, हो, नाक लावून, जाळीतून. जळलेल्या वॉर्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही. मग मागची पट्टी, तिथे व्होल्टेज लिहिलेलं असतं आणि हे माझ्या रक्ताने लिहिलंय असं समजून वाचा. जपानमध्ये १०० व्होल्ट आणि अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. मी घेतलेला पहिला जपानी अँप इतका सुंदर होता, आवाजाची पातळी काट्याने दाखवणारे दोन व्हीयू मीटर, पिवळसर उजेड, की मी मागे वळून बघितलंच नाही, घरी येऊन सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला. तीन सेकंद मीटरचे दिवे असे काही झळाळले की मी "वा" म्हणालो, आणि मग धूर. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं हे खरं, पण पट्टीवर ठळक अक्षरात १०० लिहिलं होतं, वाचायला मला काय झालं होतं. असा अँप घेतलाच तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पण घ्या, आणि तो अँपच्या गरजेपेक्षा जास्त क्षमतेचा.

यंत्र चालू करून बघायचा हट्ट धरा. चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी आतून "टक्" आवाज येतो तो रिलेचा म्हणजे स्पीकर आपोआप जोडणाऱ्या स्विचचा, जिथे रिले आहे तिथे हा आवाज आला म्हणजे संरक्षण सर्किट समाधानी आहे. मल्टीमीटर बरोबर न्या, स्पीकर न लावता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, पाच मिनिटांनी स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर तो अँप तुमचे स्पीकर खाईल. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते त्याला घाबरू नका, काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस वेळा नॉब फिरवला की बहुतेक वेळा जाते, उलट खरखर दाखवून भाव पाडा. क्लीनर मात्र इलेक्ट्रॉनिक्ससाठीचाच, बिजागऱ्यांना मारायचा तेलकट स्प्रे नव्हे.

स्पीकरचं वेगळं. जाळी काढायला लावा, नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. कोनच्या भोवती जी गोल पट्टी असते ती रबराची का फोमची ते बघा, फोम असेल तर आपल्या दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत त्याचा चुरा होतो, बोट लावलं की शेवेसारखा गळतो. दुरुस्त होतो, पण ते पैसे आधीच किमतीतून वजा करा. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी पसरून अगदी हलकेच आत दाबा. कान जवळ ठेवा. घासल्याचा आवाज आला तर आतली कॉइल वाकडी आहे, सोडून द्या. ट्वीटरवर (वरच्या आवाजाचा छोटा ड्रायव्हर) खड्डा असेल तर तो कापडी आहे का धातूचा ते बघा, कापडी डोम चिकटपट्टीने ओढून बऱ्यापैकी वर येतो, धातूचा चुरगळलेला तसाच राहतो. आणि शेवटी पेटीचा खालचा कोपरा. एमडीएफला पाणी लागलं की ते भिजलेल्या पावासारखं फुगतं आणि परत बसत नाही. तळमजल्यावरच्या घरातून आलेले स्पीकर मी याच कोपऱ्यावरून ओळखतो.

पायरी ५: गाणं येणार कुठून

हे पटकन. मोबाइल आहे ना, त्याला यूएसबी-सीचा छोटा डॅक (मोबाइलमधलं डिजिटल गाणं अँपला समजेल अशा सिग्नलमध्ये बदलणारा) लावा, अॅपलची ती पांढरी शेपटीसारखी पिन पण चालते, तिचा आवाज तिच्या किमतीच्या मानाने थक्क करणारा आहे. घरात जुना डीव्हीडी प्लेयर पडलेला असेल तर सीडी त्याच्यावर लावा.

रेकॉर्ड प्लेयर सगळ्यात शेवटी घ्या, आणि आजोबांचा पेटीवाला प्लेयर काढून त्याच्यावर नव्या रेकॉर्ड लावू नका, त्याच्या सिरॅमिक कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) सुई रेकॉर्डवर जड बसते, खोबणी खरवडते. सुरुवातीला ऑडिओ-टेक्निका एलपी६०एक्स बरा, बटण दाबलं की हात आपोआप जातो येतो, फोनो सर्किट आतच. पुढे मन लागलं तर टेक्निक्स एसएल-१२०० ची स्वप्नं बघा, १९७२ पासूनचं यंत्र, काठावर ठिपक्यांच्या ओळी आणि त्यांच्यावर पडणारा लाल उजेड, वेग बरोबर असला की चालणारे ठिपके जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. या एका दृश्यासाठी मी अजून पैसे साठवतोय.

पायरी ६: जोडणी आणि मांडणी

वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातून घ्या, तांब्याची, बारीक तारांची, दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएम, मीटरवर मिळते. दोन्ही स्पीकरला सारखी लांबी. लालला लाल, काळ्याला काळं. एकीकडे उलटं झालं तर बेस गायब होतो आणि गायक समोर उभा राहायच्या ऐवजी खोलीभर पसरतो. जुन्या स्पीकरवर रंग उडाले असतील तर पेन्सिल सेल घ्या, वायरीची टोकं क्षणभर सेलला टेकवा आणि वूफरकडे बघा, कोन बाहेर आला तर सेलचा प्लस लागलाय ते टोक प्लस, आत गेला तर उलटं. बहुतेक सगळ्या स्पीकरना हे लागू आहे, आणि काही झालं तरी दोन्ही स्पीकर एकाच दिशेला हलले पाहिजेत.

मांडणीवर एक रविवार घालवा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीला, मागची भिंत निदान एक फूट लांब. शोकेसच्या कप्प्यात कोंबलेला स्पीकर म्हणजे माठात तोंड घालून गाणं. स्टँड महाग वाटले तर फरशीवाल्याकडून कडप्प्याचे दोन तुकडे कापून घ्या, कडा घासून, आणि ते मजबूत टेबलावर ठेवून मध्ये खोडरबराचे चार-चार तुकडे. काळा कडप्पा, वर लाकडी स्पीकर, दिसतं पण झकास, आणि टेबल थरथरायचं थांबतं.

पायरी ७: निगा

घासलेल्या अॅल्युमिनियमच्या तोंडावर बारीक आडव्या रेघा असतात, कोरडं मऊ कापड त्या रेघांच्याच दिशेने फिरवायचं, गोल गोल नाही. काच पुसायचा स्प्रे नको, थिनर तर अजिबात नको. मी एकदा जुना चिकट डाग काढायला थिनर लावला, डाग गेला आणि त्याच्याबरोबर "बेस" आणि "ट्रेबल" ही छापलेली अक्षरं पण गेली, आता कोणी पाहुणा आला की मला सांगावं लागतं डावीकडचा कुठला. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर सिस्टिम चालवा, आतल्या उबेने दमटपणा निघतो, बुरशी धरत नाही.

आणि वरची जाळी मोकळी ठेवा, चार बोटं तरी. आमच्या आईने माझ्या एनएडीवर क्रोशाचा रुमाल घातला होता, त्याच्यावर पितळी गणपती, शेजारी उदबत्तीचं घर. काढला की दुसऱ्या दिवशी परत. शेवटी मी तिला अँपवर हात ठेवायला लावला, चटका बसण्याइतका तापला होता. "अगंबाई, याला ताप आलाय" म्हणाली आणि रुमाल उचलला. तो आता डाव्या स्पीकरवर आहे, तिथे काही बिघडत नाही, फक्त पुढची झालर ट्वीटरवर येते तेवढी मी रोज मागे सारतो.